पोच मिळाली, तारीख नाही

मी पोचेचा शिक्का बोलतोय. बोलतोय म्हणजे आपटतोय. माझ्याकडे आवाज एकच, 'ठप्प', आणि सगळं आयुष्य त्यात भागवलं. आज तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर आपटतो.

कुठल्याही कार्यालयात अर्ज दिला असेल तर तुम्ही मला पाहिलं असेल. काळी मूठ, लोखंडी चौकट, तळाला रबर. सगळ्यात वर कार्यालयाचं नाव, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'पोच', मग तारीख, आणि तारखेच्या खाली बारीक अक्षरांत 'मजकूर वाचलेला नाही'. म्हणजे मी तोंडावरच सांगून मोकळा होतो. तुमचा कागद आला, एवढं कबूल. त्यात काय लिहिलंय, मला विचारू नका. इतकं खरं बोलणारा त्या इमारतीत दुसरा कोणी नव्हता.

मला बनवणाऱ्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक जागा. एक टेबल, एक दिवा, आणि पाय पसरायचे असतील तर रस्त्यावर पसरा. त्याने माझी अक्षरं उलटी कापली. आम्ही सगळे उलटेच जन्मतो, कागदावर पडलो की सुलटे होतो. त्याच्या बायकोने तारखेचे रबरी पट्टे चाकांवर चढवले, एकेक चाक अंगठ्याने फिरवून पाहिलं आणि मला रद्दी वर्तमानपत्रावर पाचसहा वेळा आपटलं. मग न्यायला आलेल्या शिपायाला ती म्हणाली, "बारा वर्षं बघायला नको. पट्ट्यावर सालं बाराच आहेत. तेरावं मागायला येऊ नका."

जन्माच्या दिवशीच मरणाचं साल कळलं. वाईट वाटलं का? नाही. रबराला काय वाटणार? तोंडावर आपटणं ही माणसांची फजिती असते, माझी ती नोकरी होती. दिवसाला दीडदोनशे वेळा आपटायचं तर बधिर असणंच सोयीचं.

मी ज्या कार्यालयात गेलो ते कारखान्यांची तपासणी करायचं. म्हणजे पाटीवर तसं लिहिलं होतं. तळमजल्यावर एक खिडकी, खिडकीच्या आत दोन टेबलं समोरासमोर. एकावर येणारे कागद घेणारा कारकून, दुसऱ्यावर जाणारे कागद पाठवणारा. एकोणीस वर्षं तिथेच बसून त्यांची खरी नावं झिजून गेली होती. सगळे त्यांना आवक आणि जावक म्हणायचे. आवककडे कागदांचा डोंगर असायचा. जावककडे काही नसायचं, कारण त्या कार्यालयातून फारसं काही जातच नव्हतं. तो शब्दकोडी सोडवायचा.

आवक माणूस वाईट नव्हता. डबा खाताना खिडकीच्या कठड्यावरच्या चिमण्यांना पहिला घास द्यायचा. पण मला मारायची त्याची एक खास पद्धत होती. शाईची गादी सुकी ठेवायची, मला जरा तिरका धरायचा आणि उतरवताना मनगट किंचित सरकवायचं. 'पोच' हा शब्द छान उमटायचा आणि तारखेच्या जागी निळसर धूर.

यामागे नियम होता. पोचेवरच्या तारखेपासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. नाही दिलं तर अर्जदाराने आपली प्रत घेऊन वरच्या कार्यालयात जायचं आणि तिथे ती घ्यावीच लागायची. आता तारीखच वाचता येत नसेल तर तीस दिवस मोजणार कुठून? ही युक्ती साहेबांनी त्याला सांगितलेली नव्हती. त्याच्या आधीच्या कारकुनाने मनगट धरून शिकवली होती, जसं कोणी पोराला सायकल शिकवतं. लोक कागद घडी करून खिशात घालायचे आणि जायचे. कोणी बघत नसे.

मीही बघत नसे. अर्जाच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात माझी जागा. खाली येता येता जेवढं दिसेल तेवढंच वाचायचो: 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती. आपला विश्वासू.' वर काय असायचं, देव जाणे. मला वाटायचं, सगळी माणसं फक्त विनंत्या करतात आणि विश्वासू असतात.

माझ्या पट्ट्यावर चौथं साल चालू असताना ती बाई आली.

चाळिशी उलटलेली, खांद्याला कापडी पिशवी, बोटाला सुईची भोकं. घरी शिवणकाम करायची. तिने अर्ज दिला, आवकने नेहमीसारखा धूर काढला, तिने प्रत घेतली आणि निघाली. दारापर्यंत गेली. तिथे उजेडात कागद धरून पाहिला आणि परत खिडकीशी आली.

"भाऊ, तारीख वाचता येत नाही. परत मारा."

"बाई, पोच मिळाली ना?"

"पोच मिळाली. तारीख नाही मिळाली."

"मागे रांग बघा केवढी आहे! काही पोच आहे की नाही तुम्हाला?"

"मला आहे हो," ती शांतपणे म्हणाली, "कागदाला नाहीये."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. आवकचे कान लाल झाले. त्याने मला गादीवर जोरात दाबलं आणि सरळ, घट्ट मारलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझी तारीख कागदावर स्वच्छ उमटली. मला काही वाटलं नाही. फक्त तळाचं रबर जरा जास्त दाबलं गेलं, एवढं जाणवलं.

दुसऱ्या दिवशी जावकने कोडं सोडवता सोडवता विचारलं, "'समज' या अर्थाचा दोन अक्षरी शब्द, 'प'ने सुरू होतो."

"सुचत नाही," आवक म्हणाला. मी त्याच्या हातातच होतो, शब्द तोंडावर घेऊन.

तिसाव्या दिवशी तिला उत्तर गेलं: 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' एकतिसाव्या दिवशी ती खिडकीशी हजर. नवा अर्ज, मजकूर तोच. आवकने मुद्दाम धूर काढला. ती म्हणाली, "परत मारा." मग दर महिन्याला. कार्यालयात तिचं नाव 'परत-मारा' पडलं. शिपाई लांबूनच ओरडायचा, "परत-मारा आल्या हो!" तीही हसायची. पण तारीख वाचल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

एकदा तिने कागद बदलला. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात पट्टीने आखून एक रिकामी चौकट काढली आणि आत बारीक लिहिलं, 'पोचेसाठी जागा.' तळाला गर्दी होते म्हणून तारीख बिघडते, असं आवक म्हणाला होता, त्यावर तिचा हा तोडगा. आवकचा नाइलाज झाला. आणि मी जन्मात पहिल्यांदा अर्जाच्या वरच्या अंगाला पडलो. तिथे विषय असतो.

विषय: फरशी कारखान्यात करवतीवर पाण्याची धार सोडण्याबाबत.

त्याखालच्या तीनचार ओळी मी महिन्यामहिन्याने, पडता पडता, तुकड्यातुकड्याने वाचल्या. दगड कोरडा कापला की पिठासारखी धूळ उडते. ती छातीत जाते आणि बाहेर येत नाही. करवतीवर पाण्याची बारीक धार सोडली की धूळ जागच्या जागी बसते. एका करवतीला एक रबरी नळी, बस. हे नियमात होतं, करवतीवर नव्हतं. अर्जदाराचे पती चार नंबरच्या करवतीवर सतरा वर्षं होते, सध्या आजारी. त्यांच्या जागी आता अर्जदाराची मुलगी, वय एकवीस, त्याच करवतीवर लागली आहे. 'पतीचं जे व्हायचं ते झालं. मुलीसाठी लिहीत आहे.'

म्हणजे असं होतं ते. एका बाजूला मुलीची छाती, रोज आठ तास. दुसऱ्या बाजूला आमचं तीस दिवसांचं उत्तर.

मी त्या ओळी वाचल्या आणि गादीवर परत जाऊन बसलो. खोटं का सांगू, मला काही वाटलं नाही. माझ्या खाली तेव्हा रोज कुणाची ना कुणाची छाती, बोटं, पगार, जमीन येत होती. सगळ्यांवर सारख्याच जोराने पडायचो.

मग ती एकटी येईनाशी झाली. म्हणजे तीही यायची, पण रोज कोणीतरी येऊ लागलं. करवतीवर काम करणाऱ्यांच्या घरच्या पाच बायकांनी वार वाटून घेतले होते, जसे जिना झाडायचे वाटतात. सोमवार परत-माराचा. मंगळवारी पाच नंबरवाल्याची आई यायची, सगळ्यांची आजी, तिला वाचता येत नव्हतं, पण तारखेचे आकडे शिकून आली होती. बुधवारी एक गरोदर सून. गुरुवारी एक आत्या, जी खिडकीशी येण्याआधीच भांडायला सुरुवात करायची. शुक्रवारी दोन नंबरवाल्याची बहीण, ती इतकं हळू बोलायची की आवकला खिडकीतून कान बाहेर काढावा लागायचा. सगळ्यांच्या अर्जावर ती चौकट. सगळ्यांचं वाक्य एकच.

एका सोमवारी रांग नव्हती. आवकने मला हातात धरूनच विचारलं, "बाई, दोन वर्षं झाली. एकदा तरी काही झालं का? तुम्हाला अजून आशा आहे?"

तिने पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला. "आशा कसली भाऊ. काम आहे ते. घरी भांडी घासतो की नाही आपण रोज? उद्या परत खरकटी होणार, मग कशाला घासता, असं विचारतं का कोणी?"

"पण भांडी निदान घासून निघतात."

"तारीखपण निघते. परत मारा."

जावक कोड्यात मान घालून हसत होता.

त्या वर्षाच्या शेवटी साहेबांनी आवकला वर बोलावलं. माझी चौकट ढिली झाली होती म्हणून तो मला दाखवायला घेऊन गेला, त्यामुळे मीही ऐकलं. साहेब म्हणाले, "ती बाई सांगते आणि तू परत मारतोस? कार्यालय तू चालवतोस की ती? ह्या रोजच्या स्वच्छ तारखांनी मला उत्तरं लिहायला माणूस पुरत नाही. इथून पुढे एकदा मारला तो मारला."  खाली आल्यावर आवकने मला टेबलावर ठेवलं नाही, टाकलं.

आणि मग नवं साल लागलं.

माझ्या बाजूला दातेरी चाकं आहेत: तारखेची, महिन्याचं, सालाचं. तारीख रोज फिरवायची, महिना महिन्याला, साल वर्षाला. आवकचं बोट तारखेच्या चाकांवर आपोआप जायचं, बघावंही लागत नसे. पहिल्या कामाच्या दिवशी त्याने तारीख फिरवली, महिना फिरवला आणि चहा प्यायला गेला. साल जुनंच राहिलं.

तो सोमवार होता. पहिला कागद परत-माराचा.

"भाऊ, साल चुकलंय. परत मारा."

आवकने मान वर केली नाही. "एकदा मारला तो मारला."

"अहो पण साल..."

"साल मला शिकवू नका बाई. पुढे चला."

 मग तिने पिशवीतून पेन काढलं, कागद खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि माझ्या तारखेखाली लिहिलं: 'साल चुकले आहे. सांगितले. दुरुस्त करून दिले नाही.' त्याखाली सही. आणि कागद घडी करून गेली.

मंगळवारी आजीने साल ओळखलं. बुधवारी सुनेने. गुरुवारच्या आत्याने तर अख्खी खिडकी डोक्यावर घेतली. आवकचं उत्तर ठरलेलं. बायका खाली तेच वाक्य लिहायच्या, आजी रांगेतल्या कुणाकडून ते लिहून घेऊन अंगठा उमटवायची. बाकीची रांग कागद खिशात घालून जायची. त्यांना नव्या सालाचं काय आणि जुन्याचं काय.

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी आवकने मला गादीवर ठेवता ठेवता सहज उलटं केलं. माझं तोंड पाहिलं. त्याच्या अंगठ्याला एकदम घाम आला, मुठीवर मला तो कळला. साल फिरवायला त्याचं बोट चाकापर्यंत गेलं. आणि थांबलं. आज दुरुस्त केलं तर मागच्या नऊ दिवसांचं काय, हे सांगावं लागलं असतं. वर जाऊन, साहेबांसमोर, बायका खरं बोलत होत्या असं. त्याने मला सुलटं केलं आणि पुढचा कागद घेतला. महिना संपेपर्यंत मी रोज एक वर्ष जुना पडत राहिलो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, महिना फिरवताना, त्याने गुपचूप सालही फिरवलं.

साल दुरुस्त झाल्यावरच्या एका सोमवारी परत-मारा आली नाही. तिच्या जागी शुक्रवारची बहीण आली.

पुढच्या सोमवारी ती आली. अर्ज तोच होता, तिने त्याच्या पन्नास प्रती एकदमच काढून ठेवल्या होत्या. फक्त 'अर्जदाराचे आजारी पती' यातल्या 'आजारी'वर काट मारून वर पेनाने 'दिवंगत' लिहिलं होतं. उरलेल्या प्रती वाया घालवायच्या नव्हत्या.

आवकने कागद घेतला. मला उचललं. आणि धरून ठेवलं. 'मजकूर वाचलेला नाही' असं मी वर्षानुवर्षं ज्याच्या वतीने सांगत होतो, तो माणूस मजकूर वाचत होता. काट मारलेल्या शब्दापाशी त्याची नजर बराच वेळ थांबली.

"कधी?" त्याने विचारलं.

"मागच्या रविवारी. आठ दिवस झाले."

"आणि मुलगी?"

"कामावर. चार नंबरला."

त्याने गादीवर शाई ओतली. मला दोनदा दाबलं, सरळ धरलं आणि मारलं. प्रत तिच्याकडे सरकवायच्या आधी स्वतः तारीख वाचली, मोठ्याने, दिवस, महिना, साल. "बघा ताई, बरोबर आहे का."

तिने पाहिलं. "बरोबर आहे."

त्या दिवशी 'परत मारा' म्हणायची गरज पडली नाही. आवकचा हात मात्र दिवसभर जड होता. मी त्याच्या हातात होतो म्हणून सांगतो.

आता पुढचं मी खिडकीशी, जिन्यात आणि साहेबांच्या टेबलावर तुकड्यातुकड्याने ऐकलंय. त्या चुकीच्या महिन्यात बायकांनी एकवीस अर्ज दिले होते. तीस दिवसांत एकाचंही उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी प्रती वरच्या कार्यालयात नेल्या. तिथल्या बाईसाहेबांनी तारखा पाहिल्या आणि चष्मा काढला. एकवीस अर्ज, वर्षाहून जास्त काळ पडून. आणि प्रत्येकाखाली: 'साल चुकले आहे. सांगितले. दुरुस्त करून दिले नाही.' त्यांनी परत-माराला विचारलं, "अर्ज गेल्या वर्षीचा की यंदाचा?" ती म्हणाली, "यंदाचा. मी तेव्हाच सांगितलं होतं. ऐकलं नाही. कागदावर आहे ते आहे."

वरून पत्र आलं. आठ दिवसांत खुलासा करा.

साहेब कात्रीत सापडले. अर्ज गेल्या वर्षीचे म्हणावं, तर वर्षभर झोपलो होतो असं कबूल. साल चुकलं म्हणावं, तर त्या महिन्यात त्याच शिक्क्याने कारखानदारांचे परवान्याचे कागदही घेतले होते, ते सगळे एका दिवसात संशयात. साहेबांनी आवकला बोलावलं आणि एक मसुदा पुढे केला. त्यात लिहिलं होतं की अर्जदार महिलांनी खिडकीवर गोंधळ घातल्यामुळे चूक झाली. सही कर.

मी खुलाशाचा पुरावा म्हणून त्याच टेबलावर होतो. आवकने मसुदा वाचला. पूर्ण. मग म्हणाला, "साहेब, गोंधळ नव्हता. त्या रोज सांगत होत्या. मी ऐकलं नाही. नंतर मला दिसलं, तरी गप्प बसलो."

"हे लेखी देशील?"

"देतो." आणि त्याने दिलं, तिथेच, उभ्याने.

साहेबांनी तो कागद खणात टाकला. मग खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी त्यांना सुचलं की चुकीचा खुलासा लिहिण्यापेक्षा तपासणी करून टाकणं सोपं. चौथ्या दिवशी गाडी निघाली. अकरा करवती, अकरा नळ्या. वर उत्तर गेलं: 'तपासणी झालेली आहे, सबब अर्ज निकाली.' जावकच्या टेबलावरून इतकं महत्त्वाचं पत्र कित्येक वर्षांत गेलं नव्हतं. त्याने पाकीट दोनदा चिकटवलं.

बाईसाहेबांचं समाधान तेवढ्याने झालं नाही. त्यांनी सगळ्या कार्यालयांना आदेश काढला. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी शिक्का कोऱ्या कागदावर मारून तारीख वाचायची आणि सही करायची. आणि प्रत्येक खिडकीवर पाटी: 'पोच घेताना तारीख वाचून घ्यावी. अस्पष्ट असल्यास पुन्हा मागावी.' परत-माराचं वाक्य, जरा इस्त्री करून.

आवकला शिक्षा झाली. त्याला जावकच्या टेबलावर बसवलं आणि जावकला त्याच्या. नावं मात्र तीच राहिली. त्यामुळे आता आवक जावक पाहतो आणि जावक आवक, आणि नवीन माणूस आला की त्याचं डोकं फिरतं. मी जावकच्या हातात गेलो. कोड्यांमुळे त्याला प्रत्येक अक्षर वाचायची खोड होती. तो मजकूर वाचल्याशिवाय मला उचलतच नसे. रांग हळू सरकायची, पण सरकायची.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण तीन महिन्यांनी नळ्या बंद झाल्या. फरशी निसरडी होते, पाणी साचतं, माल उशिरा निघतो, असं मुकादमाचं म्हणणं. सोमवारी परत-मारा खिडकीशी. पुन्हा चौकट, पुन्हा तारीख, पुन्हा पाच वार. दुसरी तपासणी चाळीस दिवसांत झाली. मग पुन्हा बंद, पुन्हा अर्ज. तिच्या चेहऱ्यावर ना राग ना आनंद. ताट घासून पालथं घालावं, तशी ती पोच पिशवीत ठेवायची. तिसऱ्या वर्षी न सांगता वर्षातून चारदा तपासणीला जायचं, असं ठरलं. पुढे इतर कारखान्यांतल्या बायकाही चौकट आखून अर्ज आणू लागल्या. ती चौकट छापील अर्जात कधी आली, हे मलाही नक्की आठवत नाही. असं काही होतं तेव्हा त्या दिवशी वेगळा आवाज येत नाही. ठप्पच येतो.

माझ्या शेवटच्या सालात सोमवारी एक नवी मुलगी आली. नवी म्हणजे मी पहिल्यांदा पाहिली. आईचे गुडघे गेले होते, जिना उतरवत नव्हता, म्हणून सोमवार हिच्याकडे आला होता. एव्हाना ही करवतींची मुकादम झाली होती. नखांत दगडाची पांढरी रेघ. विषय: सात नंबरची नळी गळते, बदलण्याबाबत. मी पडता पडता पुढची ओळ वाचली. 'सोबत अर्जदाराच्या एक्स-रेची प्रत. अर्जदाराची छाती आजवर साफ आहे. ती साफ राहावी, एवढ्याचसाठी हा अर्ज.'

जावकने ते आवकला वाचून दाखवलं. आवकने टेबलावरून उठून एक्स-रेचा कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी बराच वेळ बघत होता. "आईला सांग," तो म्हणाला, "आवक काकांनी वाचलं म्हणून."

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी माझा पट्टा संपला. जिन्याखालची बाई म्हणाली होती तसंच. खिडकीत यंत्र आलं, चिठ्ठी छापून देतं. आवक आणि जावक एकाच महिन्यात घरी बसले. मी खणात आहे. सोबत दोन सुकलेल्या गाद्या आणि एक खोडरबर. माझ्यावर अजून शेवटची तारीख आहे, ती फिरवायला कोणी येत नाही. रबर कडक होत चाललंय.

खण पूर्ण लागत नाही, फटीतून ऐकू येतं. परवा यंत्र घरघरलं, चिठ्ठी फाटल्याचा आवाज आला आणि मग ओळखीचा आवाज, परत-माराच्या मुलीचा.

"ताई, तारीख पुसट आलीय. परत काढा."

"अहो, यंत्राची आहे ती, आलीय ना पोच?" खिडकीतली नवी मुलगी म्हणाली.

"पोच आली. तारीख नाही आली."

 मग यंत्र पुन्हा घरघरलं. आणि मागून रांगेतल्या कुणा बाप्याचा आवाज आला, "माझीपण जरा बघा हो, वाचता येतेय का."

बारा वर्षं मी सांगत आलो की मला काही वाटत नाही. म्हातारं रबर कडक झालं की त्याला तडे जातात, त्यातलाच एखादा त्या वेळी गेला असेल. पण काहीतरी वाटलं. मी परत त्या चौकटीत पडावं, असं वाटलं. एकदाच, सरळ, घट्ट.

माझ्या तोंडावर अजूनही लिहिलेलं आहे, मजकूर वाचलेला नाही. तुम्ही मात्र एवढा वाचलात. मग त्याची पोच द्या. आणि उद्या कुठल्या खिडकीवर गेलात तर कागद घडी करायच्या आधी दाराशी, उजेडात, एकदा धरून बघा. वाचता येत नसेल तर परत जा.